किती माणसे मोजावीत? : भायखळ्याच्या तुरुंगापासून धाराशिवच्या गावांपर्यंत

अमुक औषधाने शंभरातील ऐंशी रुग्ण बरे झाले, अमुक काढ्याने साथ आटोक्यात आली, अशा बातम्या आपण नित्य वाचतो. शेकड्याचा आकडा पाहिला की मन लगेच विश्वास ठेवते. परंतु पाचांपैकी चार बरे झाले तरी ते शेकडा ऐंशी होतात आणि पाच हजारांपैकी चार हजार बरे झाले तरी शेकडा ऐंशीच होतात. शिवाय औषध न घेतलेल्यांपैकी किती बरे झाले, हे बातमीत बहुधा नसतेच. केसपुत्त नगरीतील कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला त्याचा गाभा हाच, की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नये. आमच्या शाळेत कालाम सुत्त पाठ होते; ते आकड्यांनाही लावले पाहिजे असे आम्हांस वाटते. म्हणून एखाद्या उपचाराची परीक्षा घेताना किती माणसे घ्यावीत, आणि ती संख्या कोणत्या हिशेबाने ठरते, हे या लेखात मांडण्याचे योजिले आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने गणिताकडे इतिहासाच्या वाटेनेच जाणार आहोत. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि ३० जानेवारीला तेथे लस टोचण्यात आली. ४ फेब्रुवारीस साथरोग कायदा झाला. पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या, माणसे छावण्यांत नेली जाऊ लागली. आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. भायखळ्याचे टोचण आणि सावित्रीमाईंचे निर्वाण यांत केवळ ३९ दिवसांचे अंतर आहे. पाठ्यपुस्तकांत या दोन घटना कधी एका पानावर येत नाहीत. त्या एका पानावर ठेवल्या म्हणजे ‘लस उपयोगी आहे हे किती लवकर आणि किती खात्रीने सांगता येईल?’ हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही.

आता भायखळ्याच्या तुरुंगाचा हिशेब पाहू. तेथे त्या दिवशी ३३७ कैदी होते. १५४ जणांनी लस घेण्याची तयारी दाखविली, १८३ जणांनी घेतली नाही. त्याच दिवशी लस घेतलेल्यांपैकी ३ आणि न घेतलेल्यांपैकी ६ जणांना रोग झाल्याचे दिसून आले. त्यांच्या अंगात रोग आधीच भिनलेला असल्याने त्यांना हिशेबातून वगळले. उरले १५१ आणि १७७. पुढील दिवसांत लस न घेतलेल्या १७७ पैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ मरण पावले. लस घेतलेल्या १५१ पैकी २ जणांना प्लेग झाला व कोणीही मरण पावले नाही. शेकडेवारीत सांगायचे तर एका गटात रोगाचे प्रमाण ६.८ टक्के, दुसऱ्यात १.३ टक्के.

हा पुरावा कितपत भक्कम? मृत्यूंचाच हिशेब घ्या. लस निव्वळ पाणी होती असे क्षणभर धरू. मग सहा कैदी कोणत्याही परिस्थितीत मरणारच होते. ते कोणत्या गटात पडले हा केवळ योगायोग. ३२८ चिठ्ठ्यांतून सहा चिठ्ठ्या काढल्या आणि त्या साऱ्या १७७ वाल्या ढिगातल्याच निघाल्या, याची शक्यता किती? पहिली तशी निघण्याची शक्यता ३२८ त १७७, दुसरी ३२७ त १७६, तिसरी ३२६ त १७५, याप्रमाणे सहा अपूर्णांकांचा गुणाकार केला की उत्तर ०.०२४ येते. म्हणजे शंभर वेळा असा खेळ मांडला तर दोन-तीन वेळा केवळ नशिबाने हाच निकाल दिसला असता. आठवीचा विद्यार्थीही हा गुणाकार करू शकेल, त्याने तो जरूर करून पाहावा.

शंभरात दोन-तीन ही शक्यता लहान आहे. परंतु आता रोग झालेल्यांच्या संख्येत किंचित फेरफार करा. बारांपैकी दोन कैदी, समजा, लस घेतलेल्यांच्या बाजूला असते. मग १७७ त १० आणि १५१ त ४, म्हणजे ५.६ टक्के आणि २.६ टक्के. निम्म्याहून अधिक घट अजूनही दिसतेच. पण असा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता आता इतकी वाढते की कोणताही सावध संख्याशास्त्रज्ञ त्यावर सही करणार नाही. दोन माणसांच्या इकडे-तिकडे होण्याने निष्कर्ष बदलत असेल तर तो निष्कर्ष एका पायावर उभा आहे असेच म्हणावे लागते. हाफकिन यांची लस बऱ्याच अंशी गुणकारी होती हे पुढील टोचणींतून दिसले. परंतु भायखळ्याच्या आकड्यांनी ते दाखवून दिले यात लसीच्या गुणाबरोबर नशिबाचाही थोडा वाटा होता.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. लस कोणी घ्यावी हे कैद्यांनीच ठरविले. स्वतःहून पुढे येणारे आणि मागे राहणारे हे प्रकृतीने, वयाने, धाडसाने सारखे असतीलच असे नाही. एकच आवार, एकच अन्न, एकच काम, हे तुरुंगाचे साम्य येथे उपयोगी पडले खरे. पण परक्या सरकारच्या तुरुंगातील कैद्याने दिलेली संमती ही कितपत संमती म्हणायची, हा प्रश्न उरतोच. संख्या कितीही वाढविली तरी निवडीतील हा दोष जात नाही.

तर मग माणसे किती घ्यावीत हे आधी कसे ठरवावे? आधी हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोग चालू असताना मनाजोगता निकाल आला की थांबणे म्हणजे नाणे आपल्याला हवा तो छाप पडेपर्यंत उडवीत राहणे. संख्या आरंभीच ठरवून लिहून ठेवावी लागते.

त्यासाठी प्रथम आपण कोणत्या चुकीला किती भितो हे सांगावे लागते. चुका दोन प्रकारच्या. निरुपयोगी औषधाला गुणकारी म्हणणे ही पहिली, आणि गुणकारी औषधाला निरुपयोगी समजून टाकून देणे ही दुसरी. पहिल्या चुकीची शक्यता बहुधा शंभरात ५ हून अधिक नसावी असा रिवाज आहे. तिला सार्थकता पातळी म्हणतात. दुसऱ्या चुकीची शक्यता शंभरात २० पर्यंत चालवून घेतली जाते. उरलेल्या ८० ला अभ्यासाचे सामर्थ्य म्हणतात, म्हणजे औषधात खरोखर गुण असेल तर तो आपल्या अभ्यासाला दिसण्याची शक्यता. या दोन आकड्यांत निसर्गनियम कोणताही नाही, ते माणसांनी ठरविलेले आहेत. पहिली चूक वीसांत एकदा आणि दुसरी पाचांत एकदा, म्हणजे खरे औषध हातचे जाण्याची जोखीम आपण चौपट पत्करतो. साथ दाराशी उभी असताना हेच प्रमाण ठेवावे काय, यावर विचार व्हायला हवा. सामर्थ्य ९० ठेवणारे संशोधकही पुष्कळ आहेत. त्यांना माणसे अधिक लागतात इतकेच.

यानंतर दोन प्रमाणांचा अंदाज लागतो. उपचाराविना किती जणांना रोग होईल, आणि उपचाराने ते प्रमाण कोठवर खाली आले तर त्याला आपण खरा फायदा म्हणू? पहिला आकडा जुन्या नोंदींतून मिळतो. दुसरा मात्र वैद्यकाने आणि समाजाने मिळून ठरवायचा असतो. येथे पुष्कळ लबाडी होते. जेवढी माणसे हाताशी आहेत तेवढ्यांत बसेल असा मोठा फायदा गृहीत धरायचा आणि गणित जुळवून घ्यायचे, हा प्रकार प्रबंधांतून सर्रास आढळतो. मग फायदा मध्यम निघतो, अभ्यासाला तो दिसत नाही आणि एक चांगला उपाय बदनाम होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रमाणाची अंगभूत चंचलता. किसा गोतमीची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. ती घरोघर फिरली. प्रत्येक घरी मृत्यू होऊन गेलेलाच होता. जेथे प्रत्येक घराचे उत्तर एकच, तेथे फार घरे हिंडावी लागत नाहीत. आता अशी कल्पना करा की निम्म्या घरी मृत्यू झालेला आहे आणि निम्म्या घरी नाही. मग पहिल्या दहा घरांत सात निघतील की तीन, काही सांगता येत नाही. प्रमाण नेमके कळायला पुष्कळ घरे लागतील. गणितात ही चंचलता मोजण्याची रीत सोपी आहे. प्रमाण घ्यावे आणि एकातून ते वजा करून उरलेल्याशी गुणावे. शंभर टक्क्यांना १ गुणिले ० म्हणजे शून्य. पन्नास टक्क्यांना ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, आणि याहून मोठी चंचलता असत नाही.

आता सूत्र शब्दांत सांगतो. दोन्ही गटांच्या चंचलतांची बेरीज करावी. तिला दोन प्रमाणांतील फरकाच्या वर्गाने भागावे. येईल त्यास ७.८४ ने गुणावे. येते ती प्रत्येक गटातील माणसांची संख्या. हा ७.८४ कोठून आला? पाच टक्के सार्थकतेसाठी १.९६ आणि ऐंशी टक्के सामर्थ्यासाठी ०.८४ हे आकडे संख्याशास्त्राच्या कोष्टकातून मिळतात. त्यांची बेरीज २.८ आणि तिचा वर्ग ७.८४. सामर्थ्य नव्वद हवे असेल तर ०.८४ च्या जागी १.२८ घ्यावे, म्हणजे गुणक सुमारे १०.५ होतो.

हाफकिन यांच्या जागी आपण आहोत आणि टोचणीच्या आदल्या रात्री हिशेबाला बसलो आहोत असे समजा. लस न घेतलेल्यांत ७ टक्क्यांना रोग होईल, घेतलेल्यांत २ टक्क्यांना, असा अंदाज धरू. चंचलता : ०.०७ गुणिले ०.९३ म्हणजे ०.०६५१, आणि ०.०२ गुणिले ०.९८ म्हणजे ०.०१९६. बेरीज ०.०८४७. फरक ०.०५, त्याचा वर्ग ०.००२५. भागाकार ३३.८८. त्यास ७.८४ ने गुणले की २६५.६, म्हणजे प्रत्येक गटात २६६ कैदी. नव्वद टक्के सामर्थ्य हवे तर ३५६. प्रत्यक्षात होते १५१ आणि १७७. दोन कैद्यांच्या फेरफाराने पुरावा का डगमगत होता याचे उत्तर येथे मिळते.

परंतु १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी जे झाले ते अधिक चांगले होते, आणि त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. हे तेच बडोदे, ज्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. उंढेऱ्यात हाफकिन यांनी घरोघरची माणसे समोर बसविली आणि वय, लिंग, प्रकृती पाहून प्रत्येक कुटुंबाचे जवळजवळ निम्मे-निम्मे भाग पाडले. एका भागाला लस दिली, दुसऱ्याला दिली नाही. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत लस घेतलेले ७१ व न घेतलेले ६४ होते. न घेतलेल्यांपैकी २७ आजारी पडून २६ मेले. घेतलेल्यांपैकी ८ आजारी पडून ३ मेले. येथे माणसे भायखळ्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत, तरी पुरावा कितीतरी बळकट आहे. एका छपराखालची, एका चुलीवरची माणसे दोन्ही बाजूंस विभागली गेली, म्हणून तुलना प्रामाणिक झाली. आणि फरक प्रचंड होता. चाळीस टक्के आणि दहा टक्के हे आकडे सूत्रात घालून पाहा, प्रत्येक गटात २९ माणसे पुरतात.

फरक लहान होऊ लागला की मात्र संख्या झपाट्याने वाढते. चाळीस आणि वीस टक्क्यांत भेद करायला प्रत्येकी ७९ माणसे लागतात; चाळीस आणि तीस टक्क्यांत भेद करायला ३५३. फरक निम्मा झाला की माणसे जवळपास चौपट, हे ध्यानात ठेवावे. सूत्रात फरकाचा वर्ग भाजक म्हणून बसलेला आहे, त्याचाच हा परिणाम.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकांना वाटते की जितकी लोकसंख्या मोठी तितका नमुना मोठा हवा. कोल्हापूर शहरासाठी शंभर माणसे घेतली तर साऱ्या देशासाठी काही लाख हवीत. वरील सूत्र पुन्हा वाचावे. त्यात लोकसंख्या कोठेच नाही. शाहूपुरीच्या गूळ बाजारात व्यापारी एका रव्याचा खडा तोंडात टाकून रव्याची प्रत सांगतो. रवा मोठा असला म्हणून तो खडा मोठा घेत नाही. गूळ चांगला घोटलेला असला, म्हणजे एकजीव असला, की झाले. माणसांचा समाज मात्र घोटलेला नसतो. तो जातींत, वस्त्यांत, वर्गांत विभागलेला आहे. गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतून एकही नाव नमुन्यात आले नाही तर लाखभर माणसे मोजूनही ते आकडे गावाचे होत नाहीत. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मतदारसंघांचा प्रश्न मांडला तेव्हा त्यांचा रोख हाच होता, की एका गटाने दुसऱ्याच्या वतीने बोलणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. संख्याशास्त्रातील ‘प्रातिनिधिक नमुना’ हा शब्द आम्ही वाचतो तेव्हा आम्हांस ती साक्ष आठवते.

या शास्त्रातील एक थोर नाव आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते १९३० च्या दशकात शिकले. वर ज्या दोन चुकांचा उल्लेख केला त्यांचे गणित मांडणारे जर्झी नेमन व इगॉन पिअर्सन हे त्याच काळात तेथे होते. परत आल्यावर सुखात्मे यांनी पिकांचा उतारा शेतांच्या नमुन्यावरून काढण्याची पद्धत देशात रुजविली आणि १९५४ मध्ये नमुना सर्वेक्षणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या जिल्ह्यांतील शाळांना हे नाव ठाऊक नसावे याचे आश्चर्य वाटते.

आता दुर्मीळ घटनांकडे वळू. कोरोनाच्या काळात फायझर कंपनीच्या लसीची परीक्षा ४३ हजारांहून अधिक लोकांवर झाली, पण निष्कर्ष काढला गेला तो १७० रुग्णांवरून : लस घेतलेल्यांत ८ आणि न घेतलेल्यांत १६२. इतकी माणसे घेतली ती हे १७० रुग्ण थोड्या महिन्यांत हाती यावेत म्हणून. अभ्यासाचे बळ हे आजारी पडलेल्यांच्या संख्येत असते, नाव नोंदविलेल्यांच्या संख्येत नव्हे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा जो अभ्यास केला तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, ४७ गावे तुलनेसाठी होती. पहिल्या गटातील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, दुसऱ्या गटात तो जवळपास तसाच राहिला. आपल्या सूत्राने पाहू. हजारी ६० चे ३० व्हावेत अशी अपेक्षा धरली तर प्रत्येक बाजूस ७४५ जन्म लागतात. त्या ३९ गावांची वस्ती सुमारे ३९ हजार. हजारी २५ जन्म धरले तरी वर्षाला हजाराच्या आसपास बाळे होतात. इतकी गावे का, एक-दोन का नाहीत, ते यावरून समजते. मात्र येथे एक मेख आहे. एका गावची बाळे परस्परांपासून अगदी स्वतंत्र नसतात. तेच पाणी, तीच वाट, तोच दवाखाना. अशा वेळी गाव हा एक घटक होतो आणि सूत्राने आलेली संख्या आणखी वाढवावी लागते. किती, ते गावागावांत किती तफावत आहे यावर अवलंबून.

गावे घटक मानून झालेला याहून फार मोठा अभ्यास तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मृती रुग्णालय त्यात होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रिया तपासणीने वाचतात काय, हा प्रश्न. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, आणि चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने केलेले चार गट. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था, म्हणजे वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. हजारी एक आणि हजारी दोन. हेच आकडे सूत्रात घालावेत : चंचलतांची बेरीज ०.००२९९५, फरकाचा वर्ग ०.०००००१, आणि उत्तर प्रत्येक गटात सुमारे साडेतेवीस हजार स्त्रिया. गावे घटक असल्याने त्यावर भर घालावी लागते. तीस-चौतीस हजारांचे गट पाहून ज्यांना हा अट्टहास वाटेल त्यांनी हा हिशेब पाहावा.

पॅप तपासणीच्या व डोळ्यांनी पाहण्याच्या गटांत मृत्यूंत घट दिसली, पण ती योगायोगाच्या मर्यादेपलीकडे गेली नाही. ‘डोळ्यांनी पाहण्याचा उपयोग नाही हे सिद्ध झाले’ असे यावरून म्हणता येते काय? समजा खरी घट पंधरा टक्क्यांची आहे, म्हणजे हजारी २ चे १.७. सूत्र सांगते की ती पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३ लाख २२ हजार स्त्रिया लागतील. चौतीस हजारांना ती न दिसणे हे काही तिच्या नसण्याचे प्रमाण नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने याच साध्या तपासणीचा वेगळा अभ्यास केला. एका बाजूस ७५,३६० आणि दुसऱ्या बाजूस ७६,१७८ स्त्रिया. तेथे तपासणी दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा झाली आणि बारा वर्षांच्या नोंदींवरून मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली. तपासणी वारंवार झाली, संख्या दुपटीहून अधिक होती, काळही लांबला. यांतील कशाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण, पण उस्मानाबादच्या आकड्यांवर या तपासणीला निकालात काढले असते तर मोठी चूक झाली असती.

या दोन्ही अभ्यासांवर नीतीच्या बाजूने कठोर टीका झाली, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. तपासणीने जीव वाचतात हे अन्य देशांत माहीत असताना येथील हजारो गरीब स्त्रियांना तपासणीविना नुसते मोजत का ठेवले? उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे असे, की भारतातील खेड्यांत तशीही तपासणी नव्हतीच, आणि परदेशातील महागडी पद्धत येथे चालेल काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. आमचे मत टीकाकारांकडे झुकते. ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे काहीच नाही, ही स्थिती निसर्गाने आणलेली नव्हती. परंतु म्हणून गणित टाकून देता येत नाही, उलट ते अधिक काटेकोर करावे लागते. गट गरजेहून मोठा ठेवला तर तितक्या अधिक स्त्रिया विनातपासणी राहतात. गट गरजेहून लहान ठेवला तर चौथ्या गटातील ६४ मृत्यूंतून कोणतेच उत्तर मिळाले नसते आणि पुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात तेच सारे करावे लागले असते. म्हणून संख्या ठरविणारा कागद नीती समितीपुढे ठेवावा लागतो, आणि मध्यंतरी आकडे पाहून अभ्यास थांबविण्याचा अधिकार असलेले स्वतंत्र मंडळ नेमण्याची पद्धत पडली आहे.

लहान नमुन्याला अपाय दिसत नाही, हीही गोष्ट येथे सांगून टाकतो. शंभर जणांना औषध दिले आणि एकालाही इजा झाली नाही, तर इजेचे खरे प्रमाण शून्यच आहे असे नव्हे. ते शंभरात तीनपर्यंत असू शकते. तीनला माणसांच्या संख्येने भागण्याचा हा ठोकताळा सोपा आहे. भायखळ्याच्या १५१ जणांच्या आधारे फार तर शंभरात दोनहून कमी एवढेच म्हणता आले असते. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लसीची एक बाटली दूषित निघून १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

डोळ्यांनी पाहण्याची ती साधी तपासणी केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी सुचविलेली आहे. ती करायला काही मिनिटे लागतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या माता ज्या गावांतून पालकसभेला येतात तेथील आरोग्य केंद्रात तिची चौकशी करता येईल.